घरी गंभीर आजारी माणूस असताना: पापनिवेदन, तैलाभ्यंग आणि अखेरचं ख्रिस्तशरीर

सात संस्कारांपैकी कॅथलिक घरांत सर्वांत जास्त हुकतो तो आजाऱ्यांचा तैलाभ्यंग, म्हणजे फादरांनी प्रार्थना करून आजाऱ्याला पवित्र तेल लावण्याचा संस्कार, आणि हुकण्याचं कारण बहुतेक वेळा एकच असतं: फादरांना फोन उशिरा जातो. बाळाच्या बाप्तिस्म्याची तारीख आपण आधी ठरवतो, लग्नाची तयारी कित्येक महिने चालते. आजारपणात मात्र ‘अजून तशी वेळ आलेली नाही’ म्हणत दिवस जातात. फादर पोचतात तेव्हा माणूस व्हेंटिलेटरवर असतो. बोलता येत नाही म्हणून पापनिवेदन राहतं, गिळता येत नाही म्हणून ख्रिस्तशरीर (मिस्सात पवित्र केलेली भाकर) राहतं. तीन संस्कारांच्या जागी एकच होतो, तोही घाईत.

या उशिरामागे भीती असते. ‘तेल लावायला फादर आले म्हणजे आईला कळेल की आता काही खरं नाही.’ ही भीती उगाच आलेली नाही. कित्येक शतकं हा संस्कार मरणाच्या दारात असलेल्यांनाच दिला जायचा आणि त्याचं नावही ‘अखेरचा अभ्यंग’ असंच होतं. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 1963च्या उपासनाविषयक दस्तऐवजात स्पष्ट केलं की तो केवळ मृत्युपंथाला लागलेल्यांसाठी नाही. आजारामुळे किंवा वार्धक्यामुळे जिवाला धोका सुरू झाला की तो घेण्याची योग्य वेळ नक्कीच आलेली असते. पोप सहावे पॉल यांनी 30 नोव्हेंबर 1972 रोजी नवा विधी जाहीर केला. पूर्वी डोळे, कान, नाक, ओठ, हात, पाय अशा अवयवांना तेल लावत. आता कपाळ आणि हात एवढंच. याचा आधार याकोबाच्या पत्रात आहे (5:14-15): तुमच्यापैकी कोणी आजारी असेल तर त्याने ख्रिस्तसभेच्या वडिलांना (ज्येष्ठांना) बोलवावं, त्यांनी तेल लावून त्याच्यासाठी प्रार्थना करावी, विश्वासाची प्रार्थना आजाऱ्याला वाचवील आणि त्याने पाप केलं असेल तर त्याला क्षमा मिळेल. इथे वडिलांना बोलवायचं काम आजाऱ्यालाच सांगितलं आहे, म्हणजे तो शुद्धीवर आहे असं गृहीत धरलं आहे.

कधी बोलवायचं

गंभीर आजाराचं निदान झालं की. कर्करोग, हृदयविकाराचा झटका, पक्षाघात, मूत्रपिंड निकामी होणं, गंभीर न्यूमोनिया या सगळ्यांत बोलवावं. गंभीर आजारामुळे शस्त्रक्रिया होणार असेल तर तिच्या आधी. वयोवृद्ध माणसाची शक्ती फारच खालावली असेल तर ठरावीक निदान नसतानाही. सर्दी-पडसं, दात काढणं, साधं फ्रॅक्चर यांसाठी हा संस्कार नाही.

‘एकदा घेतला की संपला’ असंही नाही. बरा होऊन माणूस पुन्हा गंभीर आजारी पडला तर पुन्हा घेता येतो आणि त्याच आजारात प्रकृती आणखी बिघडली तरीही घेता येतो. म्हणून केमोथेरपी सुरू होण्याआधी एकदा आणि वर्षभराने आजार पसरल्यावर पुन्हा, यात काहीच वावगं नाही.

लहान मुलांच्या बाबतीत अट अशी की मुलाला समज आलेली असावी. धर्मनियमांत सात वर्षं पूर्ण झाली की समज आली असं धरतात. त्याहून लहान बाळाला तैलाभ्यंग देत नाहीत. बाप्तिस्मा झालेला नसेल तर बाप्तिस्मा देतात, आणि जिवाला धोका असेल तर कोणताही धर्मगुरू त्याला दृढीकरणही देऊ शकतो, त्यासाठी बिशपांची वाट पाहावी लागत नाही. स्मृतिभ्रंश झालेल्या किंवा बेशुद्ध माणसाला संस्कार मिळतो, कारण शुद्धीवर असता तर त्याने तो मागितला असता एवढं पुरेसं मानतात. उघडपणे गंभीर पापात राहण्याचा हट्ट धरणाऱ्याला मात्र तो देता येत नाही.

घरात सीएनआय (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) किंवा मेथडिस्ट पंथातले आप्त असतील तर त्यांना हा संस्कार मिळेलच असं गृहीत धरू नका आणि मिळणारच नाही असंही समजू नका. मृत्यूचा धोका असताना अशा व्यक्तीने स्वतःहून मागितलं, तिच्या पंथाचा धर्मसेवक मिळणं शक्य नसलं, या संस्काराबद्दल तिचा विश्वास कॅथलिक ख्रिस्तसभेसारखाच असला आणि तिच्या मनाची तयारी असली, तर धर्मगुरू तिला संस्कार देऊ शकतात. हे फादरांशी आधी बोलून घ्यावं.

कोण देऊ शकतं

तैलाभ्यंग फक्त धर्मगुरू किंवा बिशप देऊ शकतात. डीकन (धर्मगुरूच्या खालच्या पायरीचा दीक्षित सेवक), सिस्टर किंवा प्रापंचिक ख्रिस्तसेवक (ख्रिस्तशरीर वाटायला नेमलेला सामान्य भाविक) यांनी तेल लावलं तर तो संस्कार होत नाही. ख्रिस्तशरीर मात्र डीकन किंवा नेमलेला ख्रिस्तसेवक घरी आणू शकतो. वेलांकनीहून किंवा एखाद्या तीर्थस्थानाहून आणलेलं तेल भक्तिभावाने लावायला हरकत नाही, पण ते या संस्काराची जागा घेत नाही. संस्काराचं तेल ऑलिव्हचं किंवा दुसऱ्या एखाद्या वनस्पतीचं असतं. ते बिशप पवित्र आठवड्यातल्या तैलाशीर्वाद मिस्सात आशीर्वादित करतात आणि तिथून ते प्रत्येक धर्मग्रामात (पॅरिशमध्ये) जातं. तेल हाताशी नसलं तर अडचणीच्या वेळी धर्मगुरू स्वतः विधीतच तेल आशीर्वादित करू शकतात. त्यामुळे ‘तेल चर्चमध्ये राहिलं’ म्हणून काही अडत नाही, घरातलं वनस्पती तेलही चालतं.

फोनवर किंवा व्हिडिओ कॉलवर पापक्षमा आणि तैलाभ्यंग होत नाहीत. मुलगा दुबईत आणि आई नंदाखालला असेल तर त्याने तिथून आईच्या धर्मग्रामाच्या कार्यालयात फोन लावावा, तोच उपयोगाचा.

फोनवर काय सांगायचं

‘फादर, बाबा सीरियस आहेत, या’ एवढ्यावर काम भागत नाही. फादरांना काय घेऊन यायचं आणि किती घाई करायची हे तुमच्या चार वाक्यांवर ठरतं. आजाऱ्याचं नाव, वय, आजार. शुद्धीवर आहे का, बोलता आणि ऐकता येतं का. पाणी गिळता येतं का, की नाकातून नळी आहे. हॉस्पिटलचं नाव, मजला, वॉर्ड, बेड नंबर, भेटीची वेळ आणि आत सोडायला कोणाशी बोलायचं. शेवटी, डॉक्टरांनी दिवसांची भाषा केली आहे की तासांची.

एक नाजूक गोष्टही इथेच सांगून टाकावी. आजाऱ्याचं लग्न चर्चमध्ये झालेलं नसेल, किंवा तो वर्षानुवर्षं चर्चपासून दूर असेल, तर ते फादरांना फोनवर किंवा दाराबाहेर सांगा. बिछान्यापाशी सर्वांदेखत नको. बऱ्याचदा यातून मार्ग निघतो, पण त्याला थोडा वेळ लागतो. त्याची पापं मात्र घरच्यांनी फादरांना सांगायची नाहीत. ते त्याचं स्वतःचं काम आहे.

संस्काराला फी नसते. फादरांना न्यायला-आणायला गाडी पाठवलीत तर सोय होते, आणि द्यायचं तर स्वेच्छेने द्यावं. पैशांअभावी कोणीही संस्काराला मुकू नये, असा धर्मनियमच आहे.

आजाऱ्याला काय सांगायचं हा घरच्यांपुढचा सर्वांत अवघड प्रश्न असतो. खोटं बोलू नये. ‘फादर येतायत, तुझ्यासाठी प्रार्थना करतील, तेल लावतील, ख्रिस्तशरीर देतील, तुला आधी पापनिवेदन करायचंय का?’ असं सरळ विचारावं. बहुतेक वयस्कर माणसं हे ऐकून सैल होतात, कारण हा विषय कोणी काढावा याची ती स्वतःच वाट पाहत असतात.

खोलीची तयारी

बिछान्याजवळ एक छोटं टेबल, त्यावर स्वच्छ पांढरं कापड. त्यावर क्रूस, दोन मेणबत्त्या, पवित्र पाण्याची वाटी, पिण्याच्या पाण्याचा अर्धा पेला, एक चमचा, कापसाचे दोन-तीन बोळे आणि हात पुसायला स्वच्छ रुमाल. तेल, स्टोल (विधीच्या वेळी गळ्यात घालायचा पट्टा) आणि विधीचं पुस्तक फादर आणतात.

घरात ऑक्सिजनचं सिलिंडर किंवा कॉन्सन्ट्रेटर चालू असेल तर मेणबत्ती अजिबात पेटवू नका. ऑक्सिजनमुळे कापड आणि केस भडकून पेटतात. बॅटरीचा दिवा ठेवा, नाहीतर मेणबत्ती न पेटवता नुसती ठेवा. टीव्ही बंद, मोबाईल सायलेंट. कानाचं यंत्र लावून द्या आणि ते चालू आहे ना ते पाहा. कवळी काढून ठेवलेली असेल तर बसवा, कारण तिच्याविना बोलणंही अस्पष्ट होतं आणि भाकर गिळणंही अवघड जातं. चेहरा आणि हात कोमट पाण्याने पुसून घ्या. तळहात उघडे हवेत. सलाइनची सुई, चिकटपट्टी किंवा बोटावरचा ऑक्सिमीटर असेल तर कुठे हात लावायचा नाही ते फादरांना दाखवा.

वेदनेचं औषध दिल्यावर काही आजारी गाढ झोपतात, तर काही त्यानंतरच बोलण्याच्या अवस्थेत येतात. तुमच्या माणसाचं कसं आहे ते तुम्हालाच ठाऊक. फादरांची वेळ त्याप्रमाणे ठरवा.

विधी कसा पुढे जातो

आधी पापनिवेदन. फादर आजाऱ्याशी एकट्याने बोलतात, तेव्हा सगळे बाहेर आणि दार बंद. सर्वसाधारण वॉर्डात ते जमत नसेल तर पडदा ओढा, शेजारच्या बेडच्या नातेवाइकांना दोन मिनिटं बाजूला व्हायची विनंती करा. ऐकू येत नसेल तर लिहून, बोलता येत नसेल तर मानेने किंवा हात दाबून होकार-नकार देऊन पापनिवेदन होतं. अशक्त माणसाला सगळं आठवत नाही, आठवायलाही लावू नये. जे आठवेल ते आणि बाकीच्या सर्वांबद्दल पश्चात्ताप, एवढं पुरतं. मृत्यूचा धोका असेल तर कोणताही धर्मगुरू पापक्षमा देऊ शकतो. एरवी त्यासाठी लागणारी बिशपांची परवानगी त्याच्याकडे नसली तरी चालते. रात्री दोन वाजता हॉस्पिटलच्या दारात भेटलेला अनोळखी फादरही म्हणूनच चालतो.

मग घरचे आत येतात. अभिवादन, पवित्र पाण्याचं सिंचन आणि शुभवर्तमानातला छोटा उतारा. तो वाचायचं काम घरातल्या कोणीतरी करावं, आजाऱ्याला ओळखीचा आवाज ऐकू जातो. थोड्या विनवण्या होतात आणि मग फादर काहीही न बोलता आजाऱ्याच्या डोक्यावर हात ठेवतात. ही शांतता विधीचाच भाग आहे. तिच्यात कोणी ‘नमो मारिया’ सुरू करू नये.

तेलावरची प्रार्थना झाली की अंगठ्याने कपाळावर क्रुसाची खूण करतात. पवित्र अभ्यंगाद्वारे प्रभू आपल्या दयेने पवित्र आत्म्याच्या कृपेचं साहाय्य देवो, असा शब्दांचा पहिला भाग. ‘आमेन’ आजाऱ्याने म्हणायचं, नाही जमलं तर सगळ्यांनी. नंतर दोन्ही हातांवर खूण आणि शब्दांचा दुसरा भाग: तुला पापांतून मुक्त करून तो तुझं तारण करो आणि तुला उभारी देवो. उभारीचा हा शब्द दोन्ही अर्थांनी घ्यायचा आहे. या संस्कारातून मिळणारी कृपा धीराची आणि शांतीची आहे, आजाऱ्याचं दुःख ख्रिस्ताच्या दुःखाशी जोडणारी आहे. त्याच्या तारणाला हितकर असेल तर प्रकृतीही सुधारते. तेलाला औषध समजून डॉक्टरांच्या गोळ्या बंद करणं साफ चूक आहे, ख्रिस्तसभा तसं कधीच सांगत नाही.

तेल लगेच पुसू नका, थेंबभरच असतं आणि त्वचेत मुरतं. फादरांनी बोट पुसलेला कापूस कचऱ्यात न टाकता जाळायचा असतो. संसर्गाचा धोका असेल तर हाताऐवजी कापूस लावलेल्या काडीने तेल लावता येतं. गंभीर कारण असताना साधन वापरायला धर्मनियमातच मुभा आहे. वेळ अगदीच कमी असेल तर फक्त कपाळावर खूण करून पूर्ण सूत्र म्हणतात, तेवढ्यानेही संस्कार पूर्ण होतो.

प्रभूची प्रार्थना आणि मग ख्रिस्तशरीर. सर्वसाधारण आजारात इथे आशीर्वाद देऊन विधी संपतो.

मृत्यू जवळ आला असेल तर

इथे बहुतेक घरांचा समज उलटा असतो. मरणाऱ्या ख्रिस्ती माणसाचा खास संस्कार म्हणजे अखेरचं ख्रिस्तशरीर, वाटेची शिदोरी. तैलाभ्यंग आजाऱ्यांचा आहे. मृत्यूच्या छायेत असलेल्या प्रत्येकाला ख्रिस्तशरीराने बळ मिळावं असा नियम आहे, आणि त्या दिवशी सकाळी मिस्सात घेतलं असेल तरी पुन्हा घ्यायला सांगितलं आहे. पुरेसा वेळ असेल तर क्रम पापनिवेदन, तैलाभ्यंग, ख्रिस्तशरीर असा असतो. घटकाच उरली असेल तर पापनिवेदन, मग लगेच ख्रिस्तशरीर आणि वेळ मिळाला तर तैलाभ्यंग. गिळता येत नसेल तेव्हा तैलाभ्यंगच करतात.

अखेरच्या ख्रिस्तशरीराआधी आजारी बाप्तिस्म्याच्या वचनांचा पुनरुच्चार करतो. ख्रिस्तशरीर दिल्यावर ‘प्रभू ख्रिस्त तुझं रक्षण करो आणि तुला सार्वकालिक जीवनाकडे नेवो’ अशा अर्थाचे शब्द येतात. याच भेटीत फादर पोपच्या अधिकाराने मृत्युसमयीची पूर्ण दंडमाफीही (क्षमा झालेल्या पापांबद्दल उरलेल्या शिक्षेतून सुटका) देतात. ती द्यायची राहू नये म्हणून आठवण करायला संकोचू नका. धर्मगुरू मिळालेच नाहीत तरी आयुष्यात प्रार्थनेची सवय ठेवलेल्या आणि मनाची योग्य तयारी असलेल्या माणसाला ख्रिस्तसभा ती दंडमाफी देतेच. अशा वेळी त्याच्या हाती किंवा नजरेसमोर क्रूस द्यावा.

गिळण्याची अडचण

एरवी ख्रिस्तशरीराआधी एक तास उपास असतो. आजारी, वृद्ध आणि त्यांची सेवा करणारे यांना तो लागू नाही. औषध आणि पाणी तर निरोगी माणसालाही चालतं.

पूर्ण भाकर गिळवत नसेल तर फादर शेंगदाण्याच्या दाण्याहूनही लहान कण मोडतात, चमच्यात ठेवतात आणि त्यावर दोन थेंब पाणी घालून देतात. तेवढ्या कणातही संपूर्ण ख्रिस्त असतो. देताना आजाऱ्याला उशीला टेकवून शक्य तितकं ताठ बसवा, हनुवटी किंचित खाली, नंतर घोटभर पाणी आणि पुढची काही मिनिटं आडवं करू नका. पक्षाघातानंतर घास श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो. नर्सने तोंडावाटे काही द्यायचं नाही असं सांगितलं असेल तर ते मोडू नका. काहीच घट्ट जात नसेल तर द्राक्षारसाच्या रूपातलं ख्रिस्ताचं रक्त थेंबभर देता येतं, पण त्याची तयारी मिस्सातच करावी लागते, म्हणून फादरांना आदल्या दिवशी सांगा. ग्लुटेन न चालणाऱ्यांसाठी अल्प ग्लुटेनची भाकर असते. ग्लुटेन अजिबात नसलेली भाकर संस्काराला ग्राह्य नाही.

शस्त्रक्रियेआधी उपाशी ठेवायचं असेल तर ख्रिस्तशरीर आदल्या संध्याकाळीच घ्या. सतत उलट्या होत असतील तर टाळा आणि मनोमन ख्रिस्ताला बोलवायची प्रार्थना म्हणा. कण तोंडातून बाहेर पडलाच तर स्वच्छ पाण्याच्या पेल्यात ठेवा, झाकण घाला आणि फादरांकडे द्या. बेसिनमध्ये टाकू नका.

आयसीयूमध्ये

कॅथलिक हॉस्पिटलांत चॅपलेन (हॉस्पिटलसाठी नेमलेले धर्मगुरू) असतात, तिथे नर्सला सांगितलं की काम होतं. इतर हॉस्पिटलांत ड्युटीवरच्या डॉक्टरांना आधी भेटा आणि ‘धर्मगुरू पाच मिनिटांसाठी आत येतील, थेंबभर तेल कपाळाला लावतील, धूप-मेणबत्ती काही नाही’ असं नेमकं सांगा. नकार बहुतेक वेळा धूर, गर्दी आणि वेळ यांच्या धास्तीने येतो. फादरांसोबत एकानेच जावं. गाउन-मास्क देतील तो घालावा.

पेशंटच्या फाइलला किंवा पाकिटात एक कार्ड असू द्या: ‘मी कॅथलिक आहे. प्रकृती गंभीर झाल्यास कॅथलिक धर्मगुरूंना बोलवावे’, खाली धर्मग्रामाचा फोन नंबर. एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांनी हे आजच करावं.

धर्मगुरू पोचेपर्यंत

प्रार्थना थांबवू नका, पण कल्लोळही नको. कानाजवळ, सावकाश, लहान वाक्यं: ‘येशू’, ‘प्रभू, तुझ्या हाती मी माझा आत्मा सोपवतो’, ‘पवित्र मारिये, माझ्यासाठी विनंती कर’. मध्ये थांबा. तेविसावं स्तोत्र, संतांची लितानी, जपमाळेचं एक दशक.

बाप्तिस्मा न झालेलं बाळ दगावण्याची भीती असेल तर आई-बाप, नर्स, कोणीही बाप्तिस्मा देऊ शकतं. ख्रिस्तसभा जे करते ते करण्याचा हेतू हवा, साधं पाणी हवं आणि ते डोक्याच्या त्वचेवरून वाहायला हवं; ओल्या कापसाने टिपणं पुरेसं नाही. इन्क्युबेटरमधल्या बाळासाठी सिरिंजमधून कोमट निर्जंतुक पाण्याच्या तीन छोट्या धारा सोडता येतात. धार सोडतानाच म्हणा: ‘(नाव), मी तुला पित्याच्या, पुत्राच्या व पवित्र आत्म्याच्या नावाने बाप्तिस्मा देतो.’ बाई असेल तर ‘देते’. ‘आम्ही देतो’ म्हटलं तर बाप्तिस्मा ग्राह्य धरला जात नाही, हे व्हॅटिकनने 2020 मध्ये स्पष्ट केलं आहे. शक्य असेल तर एक साक्षीदार उभा करा. तारीख, वेळ, पाणी कोणी घातलं आणि कोणी पाहिलं हे लिहून धर्मग्रामाच्या कार्यालयात द्या म्हणजे नोंदवहीत नाव चढेल. बाळ वाचलं तर पुन्हा बाप्तिस्मा होत नाही, उरलेले विधी चर्चमध्ये पूर्ण करतात.

माणूस गेल्यावर संस्कार देता येत नाहीत. संस्कार जिवंतांचे आहेत. गेलेल्यांसाठी प्रार्थना आणि मिस्सा असतात. मृत्यू झाला आहे की नाही याबद्दल खरीच शंका असेल तर मात्र तैलाभ्यंग देतात, म्हणून ‘बहुतेक गेले’ असं स्वतः ठरवून फादरांना परत पाठवू नका. अंत्यविधीची वेळ ठरवायला कार्यालयात जाल तेव्हा शेवटचे संस्कार कोणते, कधी आणि कोणत्या फादरांकडून मिळाले हे कागदावर लिहून न्या. दुसऱ्या धर्मग्रामातल्या हॉस्पिटलात मृत्यू झाला असेल तर ही माहिती तुमच्याशिवाय कोणाकडेच नसते.